पंतोजी, मास्तर, बाई आणि कुलगुरू

शिकवणाऱ्या माणसाला आपल्याकडे किती नावं आहेत! त्यातला माझा सर्वांत लाडका शब्द 'उपाध्याय'. मनुस्मृतीत आचार्य आणि उपाध्याय वेगवेगळे आहेत. शिष्याची मुंज करून त्याला वेद सांगोपांग शिकवतो तो आचार्य. वेदाचा एखादा भाग उपजीविकेसाठी शिकवतो तो उपाध्याय. म्हणजे मोबदला घेऊन शिकवणाऱ्याला तेव्हाही स्वतंत्र शब्द होता! हाच शब्द प्राकृतात झिजून 'उवज्झाय' झाला आणि आज आडनावांत नांदतो आहे. आपल्याकडचे पाध्ये, उत्तरेतले ओझा आणि मिथिलेतले झा, सगळे त्याच घराण्यातले. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा किती आनंद झाला होता!

'पंतोजी' हा गावातल्या जुन्या खासगी शाळेचा. इंग्रजी अमदानीत 'मास्टर' आला आणि आपण त्याचा 'मास्तर' केला.

हिंदी बातम्या वाचताना मात्र जपा. महाराष्ट्रात राज्य विद्यापीठाचे कुलपती म्हणजे राज्यपाल, आणि कारभार पाहतात ते कुलगुरू. हिंदीत बहुतेक ठिकाणी 'कुलपति' म्हणजे आपले कुलगुरू, तर राज्यपाल 'कुलाधिपति'. मध्य प्रदेशाने 2024 मध्ये 'कुलगुरू' हा शब्द स्वीकारला. मला तो अधिक नेमका वाटतो, कारण त्यात सत्तेआधी शिकवणं येतं.

आणि 'बाई'! 'मॅडम'मध्ये ती माया नाही. आमच्या शाळेत बाईंना आडनावाची गरजच नसायची: गणिताच्या बाई, भूगोलाच्या बाई, शिवणाच्या बाई.