वर्खावरचं अमूर्त चित्र

निसर्गाच्या फोटोवरून अमूर्त चित्र धातूच्या वर्खावर किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर रंगवलं, की उजेड रंगातून आत जाऊन परत फिरतो. म्हणून रंग पातळ आणि पारदर्शक हवा. जाड थर दिलात तर वर्खाचा खर्च फुकट!

चांदीचा वर्ख हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी काळवंडतो. ‘सोनेरी’ म्हणून विकला जाणारा स्वस्त वर्ख बहुधा पितळेचा, म्हणजे तांबं-जस्ताचा असतो. वार्निश नसेल तर तोही डागाळतो. नवशिक्यांनी अ‍ॅल्युमिनियमच घ्यावं. पत्रा आधी पॉलिश पेपरने घासून तेलकटपणा पुसावा, नाहीतर रंग सुटतो.

फोटोतलं काय गाळायचं, हे जपानच्या ओगाता कोरिनकडून शिकावं. १८व्या शतकाच्या सुरुवातीला, फोटोग्राफीच्या कितीतरी आधी, त्याने सोनेरी वर्खाच्या पडद्यांवर निळी आयरिस फुलं आणि हिरवी पानं तेवढी ठेवली. पाणी नाही, जमीन नाही, आकाश नाही. चित्र पूर्ण अमूर्त नाही, पण त्या वाटेवरचं नक्कीच आहे. हे पडदे टोकियोच्या नेझू संग्रहालयात आहेत.

आपल्या चित्राचा फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा; उजेड बाजूने येऊ द्या.