निळ्या डोळ्यांचे पांढरे पिल्लू



गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर, रविवारी मिस्सा संपल्यावर, आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ टोपलीत एक पिल्लू घेऊन माझ्याकडे आले. पिल्लू जवळजवळ पांढरेशुभ्र, अंगावर एकदोन करडे डाग आणि डोळे काचेसारखे निळे. शहरातल्या एका विक्रेत्याने ‘परदेशी मेंढपाळ जात, दुर्मिळ रंग’ असे सांगून मोठ्या किमतीला ते दिले होते. शेरडांची राखण करील या आशेने त्यांनी दोन शेळ्या विकून ते घेतले. आवारात मुले ओरडत होती, घंटा वाजत होती. पण पिल्लू शांत झोपले होते. मी त्याच्या डोक्यामागे टाळ्या वाजवल्या. त्याने कानही हलवला नाही. “फादर, फार गरीब स्वभावाचे आहे,” ते म्हणाले. ते गरीब नव्हते, बहिरे होते.

आपल्यापैकी आणखी कोणाची अशी फसगत होऊ नये म्हणून या महिन्यात हा विषय घेतला आहे.

हा रंग कोणता?

बेल्लमपल्लीच्या आसपास गोल्ल आणि कुरुमा मंडळींच्या कळपांबरोबर जी कुत्री दिसतात, किंवा महाराष्ट्रात धनगरांच्या वाड्याबरोबर जी असतात, ती मुख्यतः राखणीची. काळ्या दख्खनी मेंढ्यांजवळ रात्रभर बसायचे, लांडग्याची चाहूल लागली की भुंकून मालकाला उठवायचे, हे त्यांचे काम. ब्रिटनमधील कोली, बॉर्डर कोली आणि शेटलंड शीपडॉग, तसेच अमेरिकेत तयार झालेला ऑस्ट्रेलियन शेफर्ड, ही कुत्री निराळी. ती मालकाच्या शिट्टीवर आणि हाकेवर धावून मेंढ्या वळवतात, गोळा करतात. सिनेमातली लॅसी आठवत असेल, ती कोली जातीची.

या जातींत ‘मर्ल’ नावाचा एक पिढीजात रंग आहे. आपण त्याला कबरा म्हणू. मूळ काळ्या केसांवर जणू कोणी राख शिंपडली आहे असे निळसर करडे अंग आणि त्यावर काळे, फाटक्या कडांचे डाग. कधी एक डोळा निळा, कधी दोन्ही. ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये हा रंग नेहमीचा आहे. कामाच्या बॉर्डर कोलीत मात्र क्वचित दिसतो. दिसायला तो देखणा, म्हणून मागणी फार. आणि मागणी आली की लबाडीही येते.

याकोबाचा कळप आणि मेंडेलचे वाटाणे

जनावरांच्या रंगाचे कोडे फार जुने आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील ३० वा अध्याय आठवा. कळपातील ठिपकेदार व बांडी शेरडे आणि काळी कोकरे याकोबाची मजुरी ठरली. लबानाने त्याच दिवशी तशी सर्व जनावरे वेगळी काढून तीन दिवसांच्या वाटेवर पाठवली. तरीही उरलेल्या साध्या जनावरांच्या पोटी ठिपकेदार पिल्ले झालीच. याकोबाने पाण्याच्या कुंडात सोललेल्या फांद्या ठेवल्या होत्या. गाभण जनावर जे पाहते त्याचा रंग पिल्लाला येतो, ही समजूत आपल्या खेड्यांतही ऐकू येते. तसे घडत नाही. पण त्या गोष्टीतले एक निरीक्षण अगदी खरे आहे: साध्या दिसणाऱ्या जनावरात दुसरा रंग लपलेला असू शकतो.

तो कसा लपतो, हे एका धर्मगुरूनेच शोधून काढले. ग्रेगर मेंडेल हे ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठातील संन्यासी. १८५६ ते १८६३ या काळात त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे लावली आणि प्रत्येक पिढीत उंच किती, बुटकी किती, याची मोजदाद ठेवली. १८६५ साली त्यांनी आपले निष्कर्ष वाचून दाखवले. त्या वेळी कोणी फारशी दखल घेतली नाही. १८८४ साली ते वारले. पुढे १९०० मध्ये जगाला त्यांचे महत्त्व कळले.

त्यांचे म्हणणे शेतकऱ्याच्या भाषेत असे: प्रत्येक गुणासाठी जिवाजवळ दोन दाणे असतात, एक बापाकडून आलेला, एक आईकडून. पुढच्या पिढीला देताना त्यातला एकच दाणा दिला जातो, आणि कोणता, ते चिठ्ठी काढल्यासारखे ठरते.

कबऱ्या रंगाचा हिशोब

कुत्र्यात या रंगासाठी एक ‘कबरा’ दाणा आणि एक ‘साधा’ दाणा असतो असे समजा.

दोन्ही दाणे साधे, तर कुत्रा साध्या रंगाचा.

एक कबरा, एक साधा, तर तो देखणा राखाडी-निळा कुत्रा.

दोन्ही दाणे कबरे, तर रंग इतका उडतो की पिल्लू बहुतेक पांढरे होते. टोपलीतले पिल्लू बहुधा याच प्रकारचे होते.

आता जोड्या लावून पाहा. कबरा कुत्रा आणि साधी कुत्री यांची सरासरी निम्मी पिल्ले कबरी, निम्मी साधी. दुहेरी कबरे एकही नाही. पण दोघेही कबरे असले तर चारांत एक साधे, दोन कबरी आणि एक दुहेरी. आठ पिल्लांच्या वेतात सरासरी दोन दुहेरी आली. ही सरासरी आहे; एखाद्या वेतात एकही नसेल, एखाद्यात चार असतील. चिठ्ठी प्रत्येक पिल्लासाठी नव्याने निघते.

हा ‘दाणा’ नेमका कुठे असतो, तेही आता माहीत झाले आहे. २००६ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की रंगद्रव्य तयार करण्याच्या कामातील एका जनुकात डीएनएचा एक आगंतुक तुकडा घुसल्याने हा कबरा रंग येतो.

रंगाचा कानाशी संबंध काय?

पिल्लू आईच्या पोटात असताना रंग बनवणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याजवळून निघतात आणि साऱ्या अंगभर पसरतात. त्यातल्या काही केसांच्या मुळाशी जातात, काही डोळ्यांत, काही आतल्या कानात. आतल्या कानात शंखाच्या आकाराची पोकळी असते. तिच्यातील द्रवात क्षारांचे प्रमाण योग्य राखण्याचे काम या पेशी करतात. त्या नसल्या की तेथील नाजूक ऐकण्याच्या पेशी पिल्लाच्या पहिल्या काही आठवड्यांतच मरतात, आणि पुन्हा उगवत नाहीत. म्हणून या बहिरेपणावर औषध नाही, कानात तेल घालून उपयोग नाही.

डोळ्यांचेही तसेच. दुहेरी पिल्लाचे डोळे कधी लहान राहतात, बुबुळाला खाच पडते, काही पिल्ले आंधळीच जन्मतात.

अमेरिकेत १५३ कबऱ्या कुत्र्यांची श्रवणयंत्राने तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एका कबऱ्या दाण्याच्या कुत्र्यांत शेकडा ३.६ कुत्र्यांना एका किंवा दोन्ही कानांचा दोष होता. दोन दाणे असलेल्यांत हे प्रमाण शेकडा २५, म्हणजे चारांत एक. त्यातही शेकडा १५ पूर्ण बहिरे. ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१३ पासून दोन कबऱ्यांच्या जोडीतील पिल्लांची नोंदणी बंद केली, ती याचमुळे.

एक गोष्ट लक्षात ठेवा: पांढरे कुत्रे म्हणजे बहिरे कुत्रे, असा अर्थ काढू नका. पांढरेपणाची कारणे अनेक आहेत. तामिळनाडूच्या पांढऱ्या राजापालयम जातीत आणि डाल्मेशियन जातीत बहिरेपणा आढळतो हे खरे, पण त्यांतीलही पुष्कळ कुत्री चांगली ऐकतात. आपल्या गावठी कुत्रीला पांढरे पिल्लू झाले म्हणून ते टाकून देऊ नका, आधी तपासा.

लपलेला दाणा आणि लपलेला लोभ

कबरा दाणा काळ्या रंगावरच परिणाम दाखवतो. पिवळ्या-तांबूस केसांवर तो जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे पूर्ण पिवळ्या दिसणाऱ्या कुत्र्यातही तो लपून असू शकतो. लबानाला जसा साध्या शेरडांतला ठिपका दिसला नाही, तसेच हे. म्हणून ‘आम्ही कबऱ्याशी कबरा लावला नाही’ असे कोणी प्रामाणिकपणे सांगितले तरी आईबापांची डीएनए तपासणी झाली आहे का, हे विचारावे.

दुसरा प्रकार प्रामाणिक नाही. कबऱ्याशी साधा लावला तर निम्मीच पिल्ले महाग विकता येतात. कबऱ्याशी कबरा लावला तर चारांतील तीन पिल्लांवर रंगाची खूण दिसते. काहीजण तर दुहेरी, बहिरा-आंधळा नर मुद्दाम पाळतात, कारण साध्या मादीशी त्याची सर्वच पिल्ले कबरी होतात. जनावराचे दुःख हेच ज्याचे भांडवल, तो धंदा आपण पैसे देऊन चालवू नये.

पिल्लू घेताना

१. आईबाप दोघांनाही प्रत्यक्ष पाहा. दोघेही कबरे असतील तर परत या.

२. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू घेऊ नका. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार ते विकताच येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची नोंदणी असावी लागते. नोंदणी विचारा, पावती घ्या.

३. ऐकण्याची परीक्षा स्वतः करा. पिल्लाला भावंडांपासून वेगळे करा, कारण बहिरे पिल्लू इतरांचे पाहून धावते. ते झोपले असता मागच्या बाजूने थाळी वाजवा. थाळी जमिनीवर आपटू नका. हादरा पायांना कळतो. तोंडावर वाराही जाऊ देऊ नका. दोनतीनदा करून पाहा.

४. एकाच कानाने बहिरे पिल्लू या परीक्षेत सापडत नाही. आवाज कुठून आला हे त्याला नीट उमगत नाही, म्हणून हाक मारली की ते भलतीकडे पाहते. अशा पिल्लाची पैदास करू नये.

५. कोली व तत्सम जातींत आणखी एक पिढीजात दोष आहे. तो रंगाचा नव्हे, जातीचा. मेंढ्यांना आपण जे आयव्हरमेक्टिन देतो, ते मेंढ्यांच्या मापाने अशा कुत्र्याला दिले तर मेंदूवर परिणाम होऊन ते मरू शकते. यामागचा जनुकीय दोष २००१ साली सापडला. उरलेले औषध कुत्र्याला टोचू नका. जनावरांच्या डॉक्टरांना विचारा.

बहिरे पिल्लू घरात आलेच तर

राखणीचे काम त्याला जमणार नाही, ही गोष्ट मान्य करा. पण त्याला हायवेवर सोडून देणे हे पाप आहे. कोळशाच्या ट्रकचा भोंगा त्याला ऐकू येणार नाही. हाताच्या खुणा ते फार लवकर शिकते: तळहात दाखवला की थांब, मांडीवर थाप मारली की ये. झोपेत एकदम हात लावू नका, दचकून चावेल. आधी जमिनीवर पाय आपटा. गळ्यात घुंगरू बांधा म्हणजे ते कुठे आहे हे तुम्हांला कळेल. नसबंदी करा आणि रेबीजची लस चुकवू नका.

माणसांविषयी थोडेसे

हीच रंगाची आणि कानाची जोडी क्वचित माणसांतही दिसते. कपाळावरील केसांची पांढरी बट, फिके निळे डोळे आणि जन्मजात बहिरेपणा असा एक पिढीजात विकार वार्डेनबर्ग या डच डॉक्टरांनी १९५१ साली वर्णन केला. एखाद्या घराण्यात अशी बट किंवा असे डोळे असतील तर बाळ जन्मताच त्याचे कान तपासून घ्या. लवकर समजले तर श्रवणयंत्र, शस्त्रक्रिया किंवा खुणांची भाषा, काही ना काही मार्ग निघतो. गरोदरपणी आईने ग्रहण पाहिले, अमुक खाल्ले, म्हणून असे झाले, असे बोलू नका. चिठ्ठीत काय निघेल यात आईचा काहीच दोष नसतो, आणि बापाचाही नसतो.

त्या गृहस्थांचे पैसे परत मिळाले नाहीत. पिल्लू आता वर्षाचे झाले असून घराच्या अंगणात असते. त्यांच्या धाकट्या मुलीने त्याला सात खुणा शिकवल्या आहेत. शेरडे राखायला त्यांनी शेजारच्या गोल्ल कुटुंबाकडून एक साधे, तांबूस, गावठी पिल्लू आणले. त्याची किंमत काही नव्हती. पण रात्री पान हलले तरी ते उठून भुंकते.