टायटॅनियमचे उच्च तापमानातील ऑक्सिडीभवन : मिश्रक मूलद्रव्यांचा प्रभाव

प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील काळसर वाळूत इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज आढळते. मिरज हे वैद्यकीय सेवेचे जुने केंद्र असल्याने येथील वाचकास मात्र टायटॅनियमचा परिचय बहुधा अस्थिशल्यचिकित्सेतील पट्ट्या व स्क्रू यांच्या रूपाने होतो. शरीराच्या ३७ अंश सेल्सिअस तापमानास काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर या धातूचे उत्तम रक्षण करतो. ६०० अंशांच्या पुढे हे संरक्षण टिकत नाही. त्यामागील कारणे व मिश्रक मूलद्रव्यांचे कार्य यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

शुद्ध धातूचे वर्तन

तापविलेल्या टायटॅनियमवर रुटाइल, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचा थर वाढतो. रुटाइलच्या स्फटिकजालकात ऑक्सिजनची काही स्थाने रिक्त असतात व त्या रिक्त स्थानांतून ऑक्सिजन आत सरकतो. याहून गंभीर बाब डोळ्यांना दिसत नाही. अल्फा रूपातील टायटॅनियम सुमारे ३० अणुटक्के ऑक्सिजन स्वतःत विरघळवून घेऊ शकतो. त्यामुळे थराखालील धातू कठीण पण ठिसूळ बनतो. वरची खपली खरवडून काढली तरी हा पट्टा, ज्यास ‘अल्फा केस’ म्हणतात, तसाच राहतो आणि भाराखाली भेग येथूनच सुरू होते. म्हणून केवळ वजनवाढ मोजून मिश्रधातूची प्रतवारी लावणे अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मिश्रक मूलद्रव्ये

नायोबियमचे कार्य संयुजेच्या हिशेबाने समजते. चार संयुजेच्या टायटॅनियमच्या जागी पाच संयुजेचे दोन नायोबियम अणू आले की विद्युतभार समतोल राखण्यासाठी ऑक्सिजनचे एक रिक्त स्थान कमी होते व विसरण मंदावते. तीन संयुजेचे क्रोमियम अल्प प्रमाणात याच्या उलट कार्य करते, अधिक प्रमाणात मात्र उपकारक ठरते. परंतु हा हिशेब सर्वत्र लागू पडत नाही. व्हॅनेडियमही पाच संयुजेचे आहे, तरी त्याचे पेंटॉक्साइड ७०० अंशांच्या आतच वितळत असल्याने थराची अखंडता बिघडते.

ॲल्युमिनियमकडून सर्वाधिक अपेक्षा असते, कारण ॲल्युमिना हा अत्यंत संरक्षक ऑक्साइड आहे. तथापि, टायटॅनियमचे व ॲल्युमिनियमचे ऑक्साइड जवळपास सारखेच स्थिर असल्याने दोन्ही एकत्र वाढतात. ४८ अणुटक्के ॲल्युमिनियम असूनही हवेत बहुधा मिश्र थरच तयार होतो. सिलिकॉन अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असले तरी ऑक्सिडीभवनाचा वेग घटतो.

उपयोजन

बोइंग ७८७ विमानांच्या जीईएनएक्स इंजिनात कमी दाबाच्या टर्बाइनची काही पाती ४८ टक्के ॲल्युमिनियम, २ टक्के क्रोमियम व २ टक्के नायोबियम असलेल्या टायटॅनियमची असतात. त्यांची घनता निकेलच्या मिश्रधातूंच्या सुमारे निम्मी आहे. येथे क्रोमियम तन्यतेसाठी आहे; ऑक्सिडीभवनास आवर घालण्याचे काम नायोबियमचे. अस्थिरोपणातही ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियमच्या प्रचलित मिश्रधातूस पर्याय म्हणून ७ टक्के नायोबियमचा मिश्रधातू पुढे आला. तेथील कारण मात्र उष्णतेचे नव्हते. व्हॅनेडियमच्या विषारीपणाची शंका हे ते कारण होय.