आंतरजालावरील चाचेगिरी आणि कार्यालयीन आय.पी. पत्ता : माग काढण्याच्या विश्वासार्हतेचा विचार

डिसेंबर २०११ मध्ये 'यू हॅव डाउनलोडेड' या नावाचे एक संकेतस्थळ काही आठवडे जगभर चर्चेत होते. बिटटोरंट पद्धतीने कोणत्या आय.पी. पत्त्यावरून कोणती फाइल उतरवून घेतली गेली, याच्या नोंदी या संकेतस्थळाने गोळा केल्या होत्या. 'टोरंटफ्रीक' या वृत्तस्थळाने या नोंदींत सोनी पिक्चर्स, एनबीसी युनिव्हर्सल व फॉक्स या कंपन्यांच्या कार्यालयीन पत्त्यांचा शोध घेतला, तेव्हा तेथेही चाचेगिरीच्या फाइलींच्या नोंदी आढळल्या. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान असलेल्या एलिझे प्रासादाच्या पत्त्यांविषयीही तसेच वृत्त आले. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांची संघटना 'आर.आय.ए.ए.' हिचेही पत्ते या नोंदींत निघाले. संघटनेने खुलासा केला, की हे पत्ते तिच्या नावावर नोंदलेल्या पत्त्यांसारखे असले तरी त्यांचा वापर तिचे संकेतस्थळ चालविणारी एक बाहेरची कंपनी करते. संघटनेचे कर्मचारी त्यांवरून आंतरजालावर जात नाहीत.

हा खुलासा खराही असू शकेल. परंतु २००३ पासून सुमारे पाच वर्षे याच संघटनेने हजारो सामान्य नागरिकांविरुद्ध दावे लावले होते, आणि त्यांचा आरंभबिंदू आय.पी. पत्ता हाच होता. 'पत्ता आमचा दिसतो, पण कृत्य आमच्या माणसाचे नव्हे' हा बचाव संघटनेला जितका उपलब्ध आहे, तितकाच एखाद्या महाविद्यालयातील प्रयोगशाळा-सहायकालाही असावयास हवा. व्यवहारात तो त्याला मिळत नाही. कार्यालय वा महाविद्यालय यांसारख्या सामायिक ठिकाणाहून झालेल्या चाचेगिरीचा आंतरजालावरून घेतलेला माग कितपत विश्वासार्ह असतो, आणि तो नेमका कोठे तुटतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पत्ता कोणाचा असतो?

आय.पी. पत्त्याला 'संगणकाचा पत्ता' म्हणण्याची प्रथा आहे. ती आता दिशाभूल करणारी ठरते. प्रचलित चौथ्या आवृत्तीचा पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते शक्य होतात. जगातील उपकरणे त्याहून अधिक असल्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेकांमध्ये वाटून घ्यावा लागतो. महाविद्यालयातील संगणकांना १९२.१६८.१.२५ यांसारखे अंतर्गत पत्ते दिलेले असतात. हाच अंतर्गत पत्ता त्याच क्षणी देशातील हजारो संस्थांत आणि घरांत वापरात असतो. बाहेरच्या जगाला दिसतो तो फक्त प्रवेशद्वारावरील राउटरचा किंवा फायरवॉलचा सार्वजनिक पत्ता. प्राचार्यांचे कार्यालय, ग्रंथालय, वसतिगृह आणि अतिथीगृह या सर्वांची बाहेरची ओळख ही एवढीच.

मोबाइल सेवादात्यांच्या बाबतीत ही वाटणी आणखी एका पायरीने वाढते. तेथे कंपनी स्वतःच अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे उभे करते. एका पत्त्याला ६५,५३६ पोर्ट क्रमांक उपलब्ध असतात. उदाहरणादाखल प्रत्येक ग्राहकाला १,००० पोर्ट दिले असे मानले, तर सुमारे ६५ ग्राहक एकाच पत्त्यावर मावतात. अशा वेळी केवळ पत्ता सांगून ग्राहक ओळखता येत नाही. पत्ता, पोर्ट क्रमांक आणि अचूक वेळ ही तिन्ही लागतात. जून २०११ मध्ये प्रसृत झालेल्या 'आर.एफ.सी. ६३०२' या तांत्रिक शिफारशीत सर्व्हरांनी पोर्ट क्रमांकाचीही नोंद ठेवावी असे सुचविलेले आहे. ज्या नोटिशीत पोर्ट क्रमांक नाही, तिच्यावरून अशा जोडणीतील ग्राहक शोधणे म्हणजे चाळीचे नाव सांगून बिऱ्हाडकरू शोधण्यासारखे आहे.

पत्त्यावरून भौगोलिक स्थळ काढण्याची पद्धतही अशीच सावधपणे घ्यावयास हवी. मॅक्समाइंड या कंपनीच्या सूचीत ज्या अमेरिकी पत्त्यांचे नेमके ठिकाण ठाऊक नव्हते, त्यांना देशाच्या मध्याजवळचा एक ढोबळ बिंदू दिलेला होता. तो बिंदू कॅन्सस राज्यातील एका शेतघरावर पडत होता. ६० कोटींहून अधिक पत्ते त्या एका घराशी जोडले गेले, आणि तेथील रहिवाशांना वर्षानुवर्षे पोलीस, तपास अधिकारी व संतप्त तक्रारदार यांना तोंड द्यावे लागले. २०१६ मध्ये हे उघडकीस आल्यावर कंपनीने तो बिंदू एका जलाशयात हलविला!

यादीत पत्ता असणे आणि फाइल घेणे

बिटटोरंट ही ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये प्रसृत केलेली पद्धत होय. तीत फाइल एका ठिकाणाहून येत नाही. तिचे तुकडे घेणारे आणि देणारे असे अनेकजण एकाच वेळी परस्परांशी जोडलेले असतात. कोण कोठे आहे हे कळावे म्हणून 'ट्रॅकर' नावाचा सर्व्हर सहभागींच्या पत्त्यांची यादी ठेवतो. स्वामित्वहक्क राखणाऱ्यांच्या वतीने पाळत ठेवणाऱ्या संस्था या यादीत शिरून पत्ते टिपतात. त्याची रीत दोन प्रकारची आहे. एकीत संस्था त्या पत्त्याशी प्रत्यक्ष जोडणी करून फाइलचा तुकडा मिळवते व तपासते. दुसरीत केवळ यादीत पत्ता दिसला एवढ्यावरच नोटीस काढली जाते. पहिली रीत खर्चिक आहे, दुसरी स्वस्त.

दुसऱ्या रीतीतील धोका वॉशिंग्टन विद्यापीठातील मायकेल पियाटेक, तादायोशी कोनो व अरविंद कृष्णमूर्ती या संशोधकांनी २००८ मध्ये प्रयोगाने दाखवून दिला. त्यांच्या संगणकांनी कोणतीही फाइल घेतली वा दिली नव्हती, ते केवळ यादीत शिरले होते; तरीही विद्यापीठाकडे त्यांच्याविरुद्ध तक्रारी आल्या. पुढे त्यांनी काही ट्रॅकरांतील एका सोयीचा उपयोग केला. नाव नोंदविताना स्वतःऐवजी दुसराच पत्ता सांगण्याची मुभा ते ट्रॅकर देत असत. संशोधकांनी विद्यापीठातील छपाईयंत्रांचे पत्ते सांगितले, आणि यथावकाश त्या छपाईयंत्रांनी चित्रपट उतरविल्याच्या नोटिसा आल्या. छपाईयंत्राला चित्रपट पाहता येत नाही, म्हणून हा प्रकार हास्यास्पद वाटतो. त्या जागी एखाद्या लिपिकाच्या संगणकाचा पत्ता असता तर कोणाला हसू आले नसते.

सर्वच माग इतके कच्चे असतात असे मात्र नव्हे. विनापरवाना संगणकप्रणालींच्या बाबतीत चित्र निराळे आहे. अनेक व्यावसायिक प्रणाली आपली प्रत अनधिकृत असल्याचे ओळखून निर्मात्या कंपनीला परस्पर संदेश पाठवितात. त्यात सार्वजनिक पत्त्याबरोबर संगणकाचे नाव, जाळे-कार्डाचा क्रमांक आणि संस्थेच्या डोमेनचे नाव असू शकते. हा पुरावा केवळ पत्त्यापेक्षा कितीतरी सबळ होय. तरीही तो यंत्राकडे बोट दाखवितो, माणसाकडे नव्हे. ते यंत्र संस्थेच्या मालकीचे आहे की वायफायला जोडलेला विद्यार्थ्याचा लॅपटॉप आहे, हे जडसंग्रह नोंदवहीशी ताडून पाहावे लागते. आपल्या स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ६३-ब मध्ये संगणकप्रणालीची अनधिकृत प्रत 'जाणूनबुजून' वापरणाऱ्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. जाणूनबुजून हा शब्द येथे कळीचा ठरतो, आणि जाणीव ही कोणत्याही संदेशात नोंदलेली नसते.

घड्याळाचा प्रश्न

माग चुकण्याचे सर्वांत सामान्य कारण वेळ हे आहे, आणि तेच सर्वांत दुर्लक्षित आहे. परदेशी संस्थांच्या नोटिशीत वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. समजा, नोटिशीत ३ मार्च, १८.४५ अशी वेळ आहे. ती भारतीय वेळ समजून पाहिल्यास संशय सायंकाळी पावणेसात वाजता परीक्षेच्या कामासाठी थांबलेल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यावर जातो. प्रत्यक्षात ती वेळ आपल्याकडील ४ मार्चच्या मध्यरात्रीनंतर सव्वाबाराची आहे. तेव्हा कार्यालयास कुलूप असते आणि वसतिगृह जागे असते. एका बेरजेच्या अभावी कोणाच्या सेवापुस्तिकेत शेरा पडावा, हे अनुचितच होय.

त्यात अंतर्गत पत्ते कायमचे नसतात. राउटर ते काही तासांच्या किंवा दिवसांच्या मुदतीने देतो आणि परत घेतो. फायरवॉलचे घड्याळ दहा मिनिटे मागे असेल, तर तो पत्ता आधीच्या वापरकर्त्याच्या नावे निघू शकतो. यंत्रावरून ओळख पटविण्याचा मार्गही अलीकडे अरुंद झाला आहे. अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आय.ओ.एस. १४ पासून (२०२०) मोबाइल संच वायफायला जोडताना आपला मूळ क्रमांक लपवून बनावट क्रमांक पुढे करतात.

सेवादात्याच्या नोंदीतील चूक किती महाग पडू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. ते चाचेगिरीचे नसले तरी मागाची रीत तीच. ऑर्कुटवरील छत्रपती शिवाजी महाराजांच्या बदनामीच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी २००७ मध्ये बंगळुरू येथील एका तरुण संगणक-अभियंत्यास अटक केली. आय.पी. पत्त्यावरून सेवादात्या कंपनीने कळविलेला ग्राहक तो होता. ती माहिती चुकीची निघाली, परंतु तोवर त्याचे सुमारे ५० दिवस कारागृहात गेले होते.

न्यायालयांची दृष्टी

न्यूयॉर्क येथील न्यायाधीश गॅरी ब्राउन यांनी मे २०१२ मध्ये या प्रश्नाची मांडणी दूरध्वनीच्या उपमेने केली : दूरध्वनीचे देयक भरणाऱ्यानेच एखादा विशिष्ट क्रमांक फिरविला असे मानता येत नाही, तसेच हेही. अमेरिकेच्या नवव्या विभागीय अपील न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये 'कॉब्लर नेवाडा' खटल्यात हीच भूमिका पक्की केली. तेथील जोडणी प्रौढांच्या एका शुश्रूषागृहाची होती. निवासी आणि अभ्यागत असे अनेकजण ती वापरीत. जोडणी ज्याच्या नावावर आहे त्यानेच चित्रपट उतरविला, असे म्हणण्यास एवढा आधार पुरेसा नाही, असे न्यायालयाने ठरविले.

फ्रान्सने मात्र निराळा मार्ग धरला. २००९ च्या 'हादोपी' कायद्याने डाउनलोड कोणी केले हा प्रश्नच बाजूला ठेवून, जोडणी सुरक्षित न राखणे हाच जोडणीधारकाचा दोष ठरविला. २०१२ मध्ये या कायद्याखाली पहिला दंड झाला तो १५० युरोंचा, आणि गाणी उतरविली होती दंड झालेल्याच्या पत्नीने. पुराव्याची अडचण कायद्याने अशी ओलांडली खरी, परंतु तिचे निराकरण केले असे म्हणवत नाही. युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये जर्मनीतील एका दुकानदाराच्या खुल्या वायफायसंबंधी दिलेला निर्णय प्रस्तुत लेखकास अधिक समतोल वाटतो. ग्राहकांच्या कृत्याबद्दल दुकानदाराकडून नुकसानभरपाई मागता येणार नाही. मात्र जोडणीस परवलीचा शब्द लावण्याचा आणि वापरणाऱ्याची ओळख घेण्याचा आदेश त्यास देता येईल, असा त्याचा आशय होता.

अध्यापकवर्गाचा प्रश्न

विद्यार्थी चित्रपट उतरवितात अशी तक्रार आपण करतो, तेव्हा शोधनिबंधांचा विषय सहसा टाळला जातो. 'साय-हब' या संकेतस्थळाच्या नोंदींवरून जॉन बोहानन यांनी एप्रिल २०१६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात जो लेख लिहिला, त्यानुसार सहा महिन्यांत सुमारे २ कोटी ८० लक्ष निबंधांची मागणी झाली होती, आणि त्यात भारताचा वाटा सुमारे ३४ लक्ष होता. ही उतरवणूक अर्थातच मोठ्या प्रमाणावर विद्यापीठे व संशोधनसंस्थांच्या आवारांतून होत असणार. डिसेंबर २०२० मध्ये प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हे संकेतस्थळ भारतात रोखण्याचा आदेश दिला. बोहानन यांना मिळालेल्या नोंदींत पत्ते नव्हते, केवळ जवळचे शहर होते, म्हणून आपल्यापैकी कोणाच्या नावाची चर्चा झाली नाही. पत्त्यांसह नोंदी बाहेर आल्या असत्या, तर विभागप्रमुखांच्या टेबलावरील संगणक कोण कोण वापरते, हा युक्तिवाद आपणही केलाच असता.

नोटीस आल्यावर

महाविद्यालयाच्या हाती नोटीस येते तेव्हा बाहेरचा माग प्रवेशद्वाराशी संपलेला असतो. तेथून टेबलापर्यंतचा माग केवळ महाविद्यालयच काढू शकते, आणि म्हणून चूक करण्याचे स्वातंत्र्यही त्यालाच असते. पोर्ट क्रमांक आहे काय, वेळ कोणत्या प्रमाणाची आहे, प्रत्यक्ष जोडणी करून तुकडा तपासला होता काय, हे प्रथम पाहावे. त्यानंतर फायरवॉलची नोंद, अंतर्गत पत्ता कोणाला दिला त्याची नोंद आणि लॉगिनची नोंद या तिन्ही एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. लॉगिनची कडी आपल्याकडे सर्वांत दुबळी असते. प्रयोगशाळेत सर्वांसाठी एकच नाव व परवलीचा शब्द असतो, कधी तो फळ्यावरच लिहिलेला असतो. प्राध्यापकांचा परवलीचा शब्द गुण भरण्याच्या दिवसांत कार्यालयात अनेकांना पाठ असतो.

'सर्ट-इन'च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवादाते, कंपन्या, शासकीय संस्था आदींनी नोंदी १८० दिवस जपणे आणि घड्याळे राष्ट्रीय प्रमाणवेळेशी जुळविणे आवश्यक आहे. याउलट लहान फायरवॉलची साठवण अल्प असते. जागा भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढतात, आणि नोटीस आवक-जावक विभागातून फिरून येईपर्यंत संबंधित दिवस पुसला गेलेला असतो. प्रकरण न्यायालयात गेल्यास १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागते : एक भाग उपकरणाची जबाबदारी असणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा, सोबत नोंदीचे हॅश मूल्य. अशा प्रमाणपत्राची अनिवार्यता सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली जुलै २०२० मध्ये अर्जुन खोतकर यांच्या जालना येथील निवडणूक प्रकरणात स्पष्ट केलीच होती. ज्या नोंदीवर असे प्रमाणपत्र द्यावयास प्रणाली-प्रशासक तयार नाही, तिच्या आधारे कर्मचाऱ्याला कारणे दाखवा नोटीस देऊ नये. हक्कधारकास 'उपलब्ध नोंदींवरून व्यक्ती निश्चित होत नाही' असे लेखी कळवावे आणि त्या पत्राची प्रत नोंदींसह जपून ठेवावी.