मल्टिप्लेक्स : रचना, तंत्र आणि अर्थकारण

व्याख्या

एकाच वास्तूतील, सामायिक तिकीटखिडकी आणि प्रतीक्षालय असलेल्या अनेक प्रेक्षागृहांच्या समूहास मल्टिप्लेक्स म्हणतात. जुन्या एकपडदा चित्रपटगृहात आठशे-हजार आसने एकाच चित्रपटाच्या भरवशावर असत. मल्टिप्लेक्समध्ये साधारण तेवढीच आसने चार-पाच पडद्यांत विभागली जातात. त्यामुळे एक चित्रपट पडला तरी दुसऱ्याचा गल्ला चालू राहतो. मल्टिप्लेक्सची बहुतेक वैशिष्ट्ये या विभागणीतून उद्भवतात.

उगम

अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १९६३ मध्ये स्टॅन्ली डरवुड यांनी एका व्यापारी संकुलात दोन पडद्यांचे चित्रपटगृह सुरू केले. भारतात १९९७ मध्ये दिल्लीच्या साकेत भागातील ‘अनुपम’ चित्रपटगृहाला चार पडद्यांच्या मल्टिप्लेक्सचे रूप मिळाले. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये नव्या मल्टिप्लेक्सना करमणूक शुल्कात सवलत देऊ केली. आयनॉक्स या कंपनीचे पहिले मल्टिप्लेक्स २००२ मध्ये पुण्यात उघडले. २०२३ मध्ये हीच कंपनी पीव्हीआर या दुसऱ्या मल्टिप्लेक्स कंपनीत विलीन झाली.

मॉलमधील स्थान

मल्टिप्लेक्स बहुधा मॉलच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आढळते. प्रेक्षागृहात मध्ये खांब चालत नाहीत आणि छतही बरेच उंच लागते. वर आणखी मजल्यांचा भार नसला, की असे छत उभारणे सोपे जाते. दुसरे कारण व्यापारी आहे. सरकत्या जिन्यांनी वर जाणारा प्रेक्षक प्रत्येक मजल्यावरील दुकानांसमोरून जातो. मॉलला वर्दळ मिळते, तर चित्रपटगृहाला वाहनतळ आणि सुरक्षाव्यवस्था आयती मिळते.

प्रक्षेपण

रिळांची जागा आता संगणकीय संचिकेने घेतली आहे. ती हार्ड डिस्कवरून किंवा उपग्रहामार्फत येते आणि कूटबद्ध असते. ती उघडणारी डिजिटल किल्ली ठरावीक यंत्रावर, ठरावीक कालावधीपुरतीच चालते. प्रोजेक्टर सामान्यतः सेकंदाला २४ चित्रचौकटी पडद्यावर टाकतो. पडद्याला बारीक छिद्रे असतात. त्यांतून मागच्या ध्वनिक्षेपकांचा आवाज येतो, म्हणून संवाद पात्राच्या दिशेनेच ऐकू येतात. रिळांची वाहतूक संपल्यामुळे गर्दी पाहून चित्रपट लहान प्रेक्षागृहातून मोठ्यात हलवणे सोपे झाले.

वेळापत्रक

सर्व पडद्यांवरचे खेळ एकाच वेळी सुरू होत नाहीत. आरंभ काही मिनिटांच्या अंतराने ठेवले, की मध्यंतरेही वेगवेगळ्या वेळी पडतात. तिकीट तपासनीस, सफाई कर्मचारी आणि खाद्यविक्रीचे काउंटर यांवर एकदम ताण येत नाही. कमी मनुष्यबळात अनेक पडदे चालतात ते या नियोजनामुळे.

पैशांची वाटणी

तिकिटांच्या उत्पन्नाच्या वाटणीवरील वादातून २००९ मध्ये हिंदी निर्माते-वितरकांनी सुमारे दोन महिने नवे चित्रपट मल्टिप्लेक्सना दिले नाहीत. त्यानंतरच्या समझोत्यात करवजा उत्पन्नातील वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५०, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के ठरला. प्रेक्षकांची गर्दी मात्र पहिल्याच आठवड्यात होते. म्हणजे मल्टिप्लेक्स चालकाचा वाटा वाढतो तेव्हा प्रेक्षक ओसरू लागलेले असतात. ही तफावत खाद्यविक्री भरून काढते, कारण तिच्या उत्पन्नात वितरक भागीदार नसतो. पॉपकॉर्नच्या चढ्या दराचे एक मोठे कारण हे आहे.

कर आणि नियम

२२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के, तर त्याहून महाग तिकिटावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई करण्याचा चालकाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला. त्याच वेळी पिण्याचे पाणी मोफत पुरवण्याची आणि तान्ह्या मुलांसाठी आणलेल्या अन्नाला हरकत न घेण्याची बाबही नोंदवली गेली.

मर्यादा

लहान प्रेक्षागृहांमुळे कमी खर्चाच्या मराठी चित्रपटांना मोठ्या शहरांत जागा मिळू शकते. तरीही सोयीची वेळ कोणाला द्यायची हे चालक संभाव्य उत्पन्न पाहून ठरवतो. म्हणूनच २०१५ मध्ये मराठी चित्रपटांच्या मोक्याच्या वेळेसाठी राज्य शासनाला हस्तक्षेप करावा लागला आणि पुढे ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी धरण्यात आली. तिकीट, खाद्य आणि वाहनतळ यांचा एकत्रित खर्चही अनेक कुटुंबांना परवडत नाही. शिवाय पडदे अनेक असले म्हणून चित्रपट अनेक असतीलच असे नाही. मोठा चित्रपट प्रदर्शित झाला, की त्याच विभागणीच्या आधारे तो बहुतेक पडदे व्यापतो आणि दर अर्ध्या तासाने त्याचाच खेळ लागतो. निवड वाढवणारी रचना निवड आकुंचितही करू शकते. कोणता परिणाम घडेल हे त्या आठवड्याच्या गल्ल्याच्या अंदाजावर ठरते.