घरात वाढविलेली मिरचीची रोपे दुबळी का होतात?

मिरची ही मूळची अमेरिकेतील वनस्पती होय. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती भारतात आली. तिचे बी रुजण्यास साधारणपणे २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. म्हणून हिमाचल प्रदेशासारख्या थंड, डोंगराळ भागात ढोबळ्या मिरचीचे बी घरात, उबेला पेरले म्हणजे हंगाम साधता येतो. मात्र अशी रोपे पुष्कळदा दुबळी निपजतात. ती दगावल्यास पुन्हा पेरणी करून रोपे तयार होण्यात सहा ते आठ आठवडे जातात व हंगाम हातचा निसटतो. यास्तव रोपाचे दुखणे वेळीच ओळखणे अगत्याचे असते.

रोप उंच, किडकिडीत व फिकट होऊन खिडकीकडे झुकू लागले, तर त्याला उजेड अपुरा पडतो असे समजावे. अशा रोपास खत देणे व्यर्थ होय. पेटी भरपूर उजेडाच्या जागी हलवावी. ते शक्य नसल्यास रोपांच्या शेंड्यांपासून १० ते १५ सेंटीमीटर उंचीवर ट्यूबलाइट टांगून ती दररोज १४ ते १६ तास चालू ठेवावी.

माती ओली असूनही पाने मलूल दिसत असतील, तर आणखी पाणी घालणे घातक ठरते. साचलेल्या पाण्यामुळे मुळांना हवा मिळत नाही. शिवाय अशा ओलाव्यात पिथियम, रायझोक्टोनिया इत्यादी बुरशी फोफावतात. त्यांच्यामुळे खोड मातीलगत पाणथळ व बारीक होऊन रोप कोलमडते. कोलमडलेले रोप वाचत नाही. ते काढून टाकावे, उरलेली रोपे विरळ करावीत आणि मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. पेटीच्या तळाला छिद्रे असावीत.

उजेड व पाणी योग्य असताना खालची पाने पिवळी पडून वाढ खुंटली, तर बहुधा नत्राची उणीव असते. अशा वेळी सौम्य द्रवखत द्यावे.

रोपे सशक्त दिसली, तरी ती एकदम उघड्यावर लावू नयेत. सात ते दहा दिवस ती रोज थोडा अधिक वेळ बाहेर ठेवावीत. ऊन व वारा सोसून काटक झालेले रोपच शेतात तग धरते.