अंगणात घडलेलं बेट
बेटांची बखर : भाग सातवा

मराठी माणसाच्या डोक्यात जमैकाची पहिली नोंद बहुधा क्रिकेटच्या खात्यात असते. फेब्रुवारी १९७१ मध्ये किंग्स्टनच्या सबिना पार्कवर भारताची अवस्था ५ बाद ७५ झाली होती. तेव्हा मडगावात जन्मलेल्या आणि मुंबईकडून खेळणाऱ्या दिलीप सरदेसाईने एकनाथ सोलकरच्या साथीने डाव सावरला आणि २१२ धावा काढल्या. पहिला दिवस वाया गेल्यामुळे फॉलोऑन लादायला दीडशेची आघाडी पुरेशी होती. ती हातात येताच कर्णधार अजित वाडेकरने गॅरी सोबर्सच्या संघाला पुन्हा फलंदाजीला उतरवलं. १९७६ साली त्याच मैदानावर भारतीय फलंदाजांनी उसळते चेंडू अंगावर झेलले, तीही आठवण आहेच. त्यापुढे उरतं ते बॉब मार्लीचं पोस्टर आणि पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातीतला निळाशार समुद्र.

ही तिन्ही चित्रं खरी आहेत, पण ती पाहुण्याला दिसणारी. सुमारे ११ हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे पुणे जिल्ह्यापेक्षाही लहान असलेलं हे बेट रोज सकाळी काय खातं, बाजारात माल कसा वाहून नेतं, संध्याकाळी कशावर नाचतं हे पाहिलं, तर एक गंमत लक्षात येते. इथलं जवळजवळ काहीच मूळचं इथलं नाही. माणसं आणली गेली, झाडं आणली गेली, प्राणीही आणले गेले, आणि आणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उसाच्या मळ्याचा हिशेब होता. तो हिशेब जमैकन लोकांनी आपल्या परसात बसून पार बदलून टाकला.

सुरुवात न्याहारीच्या ताटापासून करावी, कारण सगळा इतिहास तिथे वाढलेला असतो. ॲकी आणि सॉल्टफिश हा या देशाचा राष्ट्रीय पदार्थ. ॲकी हे पश्चिम आफ्रिकेचं फळ, रिठा आणि लिचीच्या कुळातलं. गुलामांच्या व्यापाराबरोबर ते अठराव्या शतकात इथे आलं. फळ पिकलं की लालभडक होतं आणि झाडावरच आपणहून उकलतं. आत तीन काळ्याभोर बिया आणि त्यांना चिकटलेला साईच्या रंगाचा गर. खायचा तो एवढा गरच. मात्र फळाने स्वतः तोंड उघडेपर्यंत थांबावं लागतं. कच्च्या ॲकीत हायपोग्लायसिन नावाचं विष असतं. त्याने रक्तातली साखर झपाट्याने उतरते, उलट्या सुरू होतात आणि प्रसंगी माणूस दगावतो. म्हणून गर काढून, त्यातला लालसर धागा सोलून, तो उकळायचा आणि पाणी फेकून द्यायचं. हे ज्ञान शाळेत मिळत नाही, स्वयंपाकघरात मिळतं. अमेरिकेने १९७३ साली ॲकीच्या आयातीवर बंदी घातली आणि २००० मध्ये ठरावीक उत्पादकांपुरती ती उठवली. या मधल्या काळात जमैकात रोज सकाळी ॲकी शिजतच होती.

सॉल्टफिश म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा. कॅरिबियन समुद्रात मासळीची ददात नाही, तरी हा मासा थेट कॅनडाच्या थंड किनाऱ्यावरून यायचा. मळेवाल्यांना गुलामांच्या पोटात घालायला काहीतरी स्वस्त आणि न नासणारं हवं होतं. परतीच्या जहाजांतून रम आणि काकवी जायची. निकृष्ट म्हणून पाठवलेला हा मासा भिजवून, काटे काढून, कांदा-टोमॅटो आणि स्कॉच बॉनेट नावाच्या जहाल मिरचीबरोबर परतला, त्यात ॲकीचा मऊ गर हलक्या हाताने मिसळला, की पिवळंधमक भुर्जीसारखं काहीतरी तयार होतं. आज सॉल्टफिश स्वस्त राहिलेला नाही, हा काळाने घेतलेला सूड म्हणायचा.

ताटात शेजारी बऱ्याचदा भाजलेलं ब्रेडफ्रूट असतं. कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात आणि ज्याचे काप तळतात, तेच हे फळ. जमैकात ते अख्खंच निखाऱ्यावर टाकतात आणि काळं पडलेलं साल तासून आतला भाग खातात. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धामुळे तिकडून येणारं धान्य आटलं, त्यातच १७८० च्या दशकात चक्रीवादळं झाली आणि गुलाम उपासमारीने मेले. तेव्हा ताहितीहून या झाडाची रोपं आणायचं ठरलं. पहिल्या खेपेला 'बाउंटी' जहाजावर खलाशांनी बंड केलं आणि कप्तान विल्यम ब्लायला होडीत घालून समुद्रात सोडून दिलं. ब्लाय चिकट निघाला. दुसऱ्या जहाजाने १७९३ मध्ये त्याने रोपं जमैकात पोहोचवलीच. परत जाताना तो ॲकीचा नमुना इंग्लंडला घेऊन गेला, म्हणून ॲकीच्या शास्त्रीय नावात आजही त्याचं नाव आहे. कॅलालू नावाची पालेभाजीही याच ताटात दिसते. ती माठाच्या कुळातली. नाताळात घरोघरी होणारं लाल सरबत लाल अंबाडीच्या बोंडांचं, आलं घालून मुरवलेलं. कोकण आणि देशावरच्या वाचकाला या स्वयंपाकघरात फारसं परकं वाटणार नाही.

आता या भाज्या येतात कुठून, हा प्रश्न. उसासाठी सपाट जमीन राखून ठेवायची आणि डोंगरउताराचे निकामी तुकडे गुलामांना द्यायचे, त्यांनी तिथे आपलं अन्न आपण पिकवावं, ही मळ्यांची रीत होती. मालकाचा खर्च वाचावा एवढाच तिचा उद्देश. पण त्या तुकड्यांवर इतकं पिकायला लागलं की रविवारचे बाजार भरू लागले आणि कायद्याने स्वतःच्या शरीराचाही मालक नसलेला माणूस कंदमुळं विकून पैसा गाठीला बांधू लागला. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, १८३८ मध्ये खरी मुक्ती मिळाली, तेव्हा अनेकांनी मळ्याकडे पाठ फिरवून डोंगरात गावं वसवली. तो व्यापार पुढे मुख्यतः बायकांच्या हातात राहिला. हिगलर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विक्रेत्या आजही खेड्यांतून यामचे कंद, केळी, आलं घेऊन किंग्स्टनच्या कॉरोनेशन मार्केटला उतरतात. याम हा कोनफळाच्या जातकुळीतला कंद. ट्रेलॉनी परगण्यातला पिवळा याम विशेष नावाजलेला. त्याच परगण्यातल्या उसेन बोल्टने २००८ मध्ये ऑलिंपिक गाजवलं, तेव्हा त्याच्या वडिलांनी श्रेय या यामला दिलं होतं. वर्षानुवर्षं चालत आलेल्या शालेय धावण्याच्या स्पर्धांनाही थोडं श्रेय द्यायला हरकत नव्हती. १९१० पासून भरणाऱ्या या स्पर्धांना पोरांची नावं घेऊन ओरडणाऱ्या प्रेक्षकांनी आख्खं राष्ट्रीय स्टेडियम भरतं.

बाजारात माल ओढायला लागते हातगाडी. फळ्या ठोकून केलेली, जुन्या बेअरिंगची चाकं, आणि पुढे मोडीत निघालेल्या मोटारीचं स्टिअरिंग. उतारावरून या गाड्या सुसाट सोडायच्या शर्यती जमैकात होत असत. ती शर्यत बघून बेटावरच्या दोन अमेरिकनांना वाटलं, हे तर बर्फावरच्या बॉबस्लेसारखंच आहे. धावपटूंमधून कोणी पुढे आलं नाही, सैन्यातले जवान मात्र तयार झाले. १९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फ न पडणाऱ्या या देशाचा संघ उतरला. गाडी उलटली, पदक दूरच राहिलं. हॉलिवूडने त्यावर सिनेमा काढला तो वेगळा.

मुक्त झालेल्यांनी मळ्याकडे पाठ फिरवल्यावर तिथे राबायला माणसं पुन्हा बाहेरूनच आणली गेली. १० मे १८४५ रोजी 'ब्लंडेल हंटर' जहाजातून ओल्ड हार्बर बेला भारतीय मजुरांची पहिली तुकडी उतरली. १९१७ पर्यंत छत्तीस हजारांच्या वर माणसं करारावर आली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली. त्यांच्यापैकी बरेच परतले नाहीत. बकऱ्याच्या मटणाचा रस्सा त्यांनी आणला, त्यात पिमेंटो हा स्थानिक मसाला आणि स्कॉच बॉनेट मिरची पडली, आणि आता तो पदार्थ इतका सर्वांचा झाला आहे की कुठलंही लग्न किंवा गावजत्रा करी गोटशिवाय पार पडत नाही.

भारतातून आलेली दुसरी पाहुणी मंडळी मात्र महागात पडली. मळ्यांत उंदरांनी उसाचा फडशा पाडला होता, म्हणून १८७२ मध्ये एका मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवली. ती उंदीर खात होती, हे खरं. पण उंदीर रात्री फिरतात आणि मुंगूस दिवसा, हे ध्यानात कोणी घेतलं नव्हतं. नवांची हजारो झाली आणि त्यांनी जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, साप, सरडे संपवायला घेतले. बेटाचा स्वतःचा इग्वाना, हा मोठा राखाडी सरडा, १९४० च्या दशकानंतर कुणाला दिसेना, म्हणून तो नामशेष झाला असं मानलं गेलं. १९९० मध्ये दक्षिणेकडच्या हेलशायर टेकड्यांत रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या माणसाच्या कुत्र्याने एक इग्वाना पकडला. शिकाऱ्याने तो किंग्स्टनच्या होप प्राणिसंग्रहालयात नेऊन दिला. तेव्हापासून पिल्लं तिथे वाढवायची, मुंगसाच्या तोंडी जाणार नाहीत एवढी मोठी झाली की रानात सोडायची, असा क्रम चालू आहे.

परसातला पाहुणा मात्र मूळचाच. डॉक्टर बर्ड हा राष्ट्रीय पक्षी जमैकाबाहेर कुठेही सापडत नाही. अगदी हलका, इवलासा असा हा हमिंगबर्ड. नराचं अंग चकचकीत हिरवं आणि त्याच्या मागे शरीराहून लांब अशी दोन काळी पिसं. उडताना त्या पिसांचा भुर्रर्र आवाज येतो, त्यामुळे दिसण्याआधी तो ऐकू येतो. कॅरिबियन बेटांच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका अमेरिकन पक्षितज्ज्ञाचं नाव जेम्स बाँड होतं. उत्तर किनाऱ्यावरच्या घरात बसून कादंबरी लिहिणाऱ्या इयान फ्लेमिंगला आपल्या गुप्तहेरासाठी साधंसं नाव हवं होतं, ते त्याने या पुस्तकावरून उचललं. पूर्वेकडे २२५६ मीटर उंचीचा ब्लू माउंटन आणि त्याला लागून जॉन क्रो डोंगर आहेत. पळून गेलेल्या गुलामांनी, म्हणजे मरून लोकांनी, याच रानांच्या आधाराने इंग्रजांना इतकं जेरीस आणलं की १७३९ मध्ये त्यांच्याशी तह करावा लागला. पिमेंटोच्या लाकडावर मसाला चोळलेलं मांस भाजायची जर्क ही पद्धत त्यांच्याकडूनच आली. २०१५ मध्ये युनेस्कोने या डोंगरांना जागतिक वारसा ठरवलं, ते निसर्ग आणि इतिहास अशा दोन्ही कारणांनी.

शहरातलं अंगण वेगळं. १९४० च्या दशकात पश्चिम किंग्स्टनमधल्या ट्रेंचटाउनला सरकारने घरं बांधली. मधे मोकळं अंगण, भोवती खोल्या, स्वयंपाकघर आणि नळ सामायिक. गिरगाव-परळच्या चाळीत वाढलेल्याला हा नकाशा समजावून सांगावा लागणार नाही. कुणाची भांडणं, कुणाचं गाणं, कुणाची पेज, काहीच झाकलं जात नाही. जो हिग्ज नावाचा गायक इथल्या अंगणात शेजारच्या पोरांना सूर आणि श्वास शिकवायचा. त्या पोरांत मार्ली, पीटर टॉश आणि बनी वेलर होते. वाद्यं शिकायची जागा मात्र दुसरी : कॅथलिक जोगिणींनी चालवलेली आल्फा बॉइज स्कूल ही गरीब, नाठाळ ठरवलेल्या मुलांची शाळा. स्का संगीताचा पाया घालणाऱ्या स्कॅटलाइट्समधले डॉन ड्रमंड, टॉमी मकूक यांच्यासारखे वादक तिथल्या बँडमधून निघाले. सिस्टर इग्नेशियस तिथे मुलांसाठी स्वतः रेकॉर्डी लावायच्या. तबकड्यांचा साठा करणारी जोगीण हे दृश्य जमैकालाच शोभतं.

तेव्हा जिवंत बँड बोलवायला पैसे लागत आणि रेडिओ थोड्यांकडे. मार्ग निघाला तो साउंड सिस्टीमचा : कपाटाएवढे स्पीकर, भरभक्कम ॲम्प्लिफायर, तबकडी वाजवणारा आणि मायक्रोफोनवर बोलणारा. रस्त्याच्या कोपऱ्यावर हे उभं करायचं, प्रवेशाला थोडे पैसे घ्यायचे. पहिल्या नामांकित सिस्टीमवाल्यांपैकी टॉम वाँग हा चिनी वंशाचा हार्डवेअरचा दुकानदार होता आणि त्याचा ॲम्प्लिफायर युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलात रडार शिकून आलेल्या हेडली जोन्सने बांधला होता. पुढे ऑस्बोर्न रडॉक आला, किंग टबी नावाने ओळखला गेलेला. धंद्याने तो विद्युत तंत्रज्ञ, बिघडलेले ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा. गाण्यातला आवाज काढून टाकायचा, ढोल आणि बास पुढे आणायचे, मधेच एखादा शब्द प्रतिध्वनीत विरघळू द्यायचा, असे खेळ तो आपल्या घरातल्या छोट्या स्टुडिओत करायचा. डब नावाने ओळखली जाणारी ही कला दुरुस्तीच्या टेबलावर जन्मली. याच संस्काराचा क्लाइव्ह कॅम्पबेल १९६७ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधल्या एका इमारतीत बहिणीने ठेवलेल्या मेजवानीत दोन तबकड्यांनी वाजवू लागला. डीजे कूल हर्क या नावाने तो हिप-हॉपच्या इतिहासात आहे.

अंगणातली भाषा छापील पानावर आणायचं काम एका बाईने केलं. लुईझ बेनेट, लोकांची मिस लू, यांनी १९४२ मध्ये पत्वा या जमैकाच्या बोलीत कवितांचं पुस्तक काढलं. शाळांत इंग्रजीच बोलायचं, घरच्या बोलीला मोडकंतोडकं म्हणायचं, असा तो काळ. त्यांनी ती बोली 'ग्लीनर' वर्तमानपत्राच्या स्तंभात नेली, रंगमंचावर नेली, मुलांसाठी 'रिंग डिंग' हा दूरदर्शन कार्यक्रम १९७० ते १९८२ असा बारा वर्षं चालवला. २०१२ मध्ये याच बोलीत बायबलचा नवा करार छापून आला, तेव्हाही काहींनी नाकं मुरडली.

संगीताच्या बाबतीत एवढी वाट पाहावी लागली नाही. १९८५ मध्ये वेन स्मिथ आणि निर्माता किंग जॅमी यांनी कॅसिओच्या एमटी-४० या स्वस्त कीबोर्डमधला तयार ठेका संथ करून त्यावर 'अंडर मी स्लेंग टेंग' हे गाणं बांधलं. वादकांची गरजच नाहीशी झाली, आणि त्या ठेक्यावर बेटभर शेकडो गाणी निघाली. तो ठेका जपानमध्ये कॅसिओच्या तरुण अभियंता हिरोको ओकुदा यांनी बसवला होता. महाविद्यालयात त्यांनी प्रबंध लिहिला होता तो जमैकाच्या रेगे संगीतावर.